आत्ताच कळलं, असं मी म्हणालो

परक्या मुलखात मराठी माणूस नेहमी मराठी माणसाच्या पाठीशी उभा राहतो. हे वाक्य माझं आहे. दुबईतल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत, गणपतीच्या चित्रानंतर आणि इडलीच्या पिठाच्या जाहिरातीआधी, ते छापलेलं आहे. वाक्यात चूक नाही. मीही उभा होतो — पाठीशीच. पाठीशी उभं राहण्यात एक सोय असते. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही.

पुढे जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीला, माझ्या बायकोलाही नाही. आणि तिला मी ऑफिसातल्या एसीचं तापमानसुद्धा सांगतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला राग आला आहे. गेली दोन वर्षं येतो आहे. आधी वाटायचं कंपनीचा येतो.

कंपनीचा यावा असं पुष्कळ होतं. दुबई मरीनामध्ये चोविसाव्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक हाँगकाँगचे, माल हाँगकाँगचा, गोदाम उम्म अल कुवैनला, आणि काम करणारे आम्ही — म्हणजे पुणे, मुंबई, कोची, मनिला. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एका खोलीत उभं करून पडद्यावर एक वाक्य दाखवायचे: आपण एक कुटुंब आहोत. मग केक. केकवरही तेच वाक्य असायचं, आणि कापताना ‘कुटुंब’वरून सुरी जायची. मी हे पाहून हसायचो. अशा गोष्टींना हसणारा माणूस म्हणून ऑफिसात माझी ख्याती होती. ख्याती स्वस्तात मिळते.

या कुटुंबातले दोन वडीलधारे — चान आणि वोंग, दोघेही मॅनेजर — आमच्यासमोर कँटोनीजमध्ये बोलायचे. हळू आवाजात नाही, चांगलं मोकळेपणानं. आम्ही टेबलाशी बसलेलो असताना, लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लागलेला असताना. खुर्चीसमोर बोलावं तसं. याचा मला संताप यायचा. अजून येतो. पण इथेच सांगून टाकतो: हा संताप खरा आहे आणि पुढच्या गोष्टीत त्याचा मला काडीचा उपयोग नाही. त्यांनी मला खुर्ची समजलं हा त्यांचा दोष. मी खुर्चीसारखा वागलो हा माझा.

कारण मला कँटोनीज येत होतं. सगळं नाही. पण येत होतं.

ते मला लाम बाईंनी शिकवलं. लाम बाई आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होत्या. साठीच्या आसपास, हाँगकाँगच्या, एकट्या. दुपारी पॅन्ट्रीत गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसायच्या आणि वोंग आला की बोलणं थांबवायच्या. एकदा त्यांनी माझ्या डब्यातलं थालीपीठ चाखलं. मग सौदाच ठरला: मंगळवारी थालीपीठ, मंगळवारीच भाषा. वैशालीला वाटायचं मी दोन थालीपिठं जास्त खातो.

बाई शिकवायला कडक होत्या. इंग्रजीत म्हणायच्या, “क्रियापदाकडे बघू नकोस, ते तुला काळ सांगणार नाही. कधी घडलं हे वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलंस तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?” आणि मग त्यांनी टिश्यूच्या खोक्यावर पेनाने एक आडवी रेघ मारली. उजव्या टोकाला ‘ङाम-ङाम’. आत्ताच. बाईंच्या शब्दांत, कप अजून गरम आहे. शाळेत वाङ्मय हा शब्द सोडला तर ज्याचा कधी उपयोग झाला नाही तो ङ मला या वयात असा भेटला. जरा डावीकडे ‘थाउ-सीन’. कप धुऊन झाला, पण दिवस तोच आहे. मी ओरडलोच, की हे आमच्याकडे आहे. मघाशी! इंग्रजीत मघाशी नाही. इतकी वर्षं मी इंग्रजीत नोकरी केली आणि एकदाही मला मघाशी म्हणता आलं नव्हतं. त्याच्याही डावीकडे ‘खाम-यात’, काल. आणि मग रेघेवर बरीच जागा सोडून ‘चोउ-फाइ’. मध्यंतरी. काही दिवस झाले, काही आठवडे झाले, नक्की सांगायचं नाहीये पण आज नव्हे.

हे चार शब्द मी पक्के केले. बाकी भाषा कच्ची राहिली. पण काय घडलं हे अर्धंमुर्धं कळलं तरी कधी घडलं हे मला अचूक कळायचं. बाई म्हणाल्या होत्या, साहेबांना सांगू नकोस तुला येतं म्हणून. मी तसंही सांगणार नव्हतो. लिफ्टमध्ये मख्ख चेहऱ्याने उभं राहून आतल्या आत भाषांतर करण्यात जी मजा आहे — ती कोण सोडेल?

आता महेश.

महेश माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पुण्याचा, माझ्याच टीममधला, माझ्याच हुद्द्याचा. मला दादा म्हणायचा. दुबईतल्या करामा भागात एका फ्लॅटमध्ये चौघांबरोबर राहायचा. इथे बायको गावाकडे असलेल्या माणसालाही बॅचलरच म्हणतात. फ्लॅटच्या जाहिरातीतही तसंच लिहितात. सहा वर्षं तो असा बॅचलर होता, आठ वर्षांच्या मुलीचा बाप असलेला. त्याची बायको सुनीता पुण्यात एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवायची. चौदा वर्षांची कायम नोकरी. अशी नोकरी सुटली की परत मिळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच सहा वर्षं ते दोघं फोनवर संसार करत होते.

त्या वर्षी त्यांनी ठरवलं, पुरे. मुलगी बापाला स्क्रीनवरच ओळखायला लागली होती. महेशने करामातच दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला, मुलीच्या शाळेत प्रवेश पाहिला. सुनीताने शाळा सोडायची आणि दोघींनी इकडे यायचं. पॅन्ट्रीत मला म्हणाला, “खलास दादा, बॅचलरगिरी संपली.” आणि वर इन्शाल्लाही म्हणाला, कारण इथे चांगली बातमी तशी उघडी ठेवत नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी चान आणि वोंग यांना मी माझ्या गाडीतून उम्म अल कुवैनच्या गोदामात घेऊन गेलो. ड्रायव्हर रजेवर होता. मी पुढे, ते दोघे मागे. मी गाडीचाच एक भाग होतो. शारजा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि ते बोलायला लागले.

सगळं कळलं का? नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे — अर्धंच कळलं, अंदाज होता, गैरसमज असू शकत होता. पण मला कळलं ते असं: आमच्या टीममधून एक माणूस कमी करायचा. दोन नावं. माझं आणि महेशचं. नावांचं भाषांतर होत नाही, ती मी मागच्या सीटवरून जशीच्या तशी ऐकली. महेश जाणार. दुसरा राहणार. पुढच्या महिन्याच्या शेवटी. आणि हे ठरलं कधी? खाम-यात. काल. चालू आहे असं नव्हे, विचार करू असं नव्हे. काल झालं. बाकी काही पुसट असेल, पण तेवढा एक शब्द मला लखलखीत कळला, कारण तेवढाच मी नीट शिकलो होतो.

हात स्टिअरिंगवर होते. मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. अगदी व्यवस्थित. वोंग मागून इंग्रजीत म्हणाला, तू फार छान चालवतोस.

त्या क्षणी मला काय वाटलं? इथे लोक लिहितात की पायाखालची जमीन सरकली. माझ्या पायाखाली ॲक्सिलरेटर होता आणि तो जागच्या जागी होता. मला बरं वाटलं. माझं नाव राहणाऱ्यांत होतं. पहिली भावना ती. दुसरी यायला शहर यावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसलास, हाच तो दोष. गेली दोन वर्षं मी स्वतःलाही इतपतच कबूल करत आलो. गप्प बसलो. त्यात एक प्रकारची सभ्यता आहे, नाही का? गप्प बसणाऱ्याला कारणं देता येतात. महेशला सांगितलं असतं तर तो सरळ चानच्या केबिनमध्ये गेला असता. तो तसाच होता. मग कळलं कसं याचा शोध, गाडीत कोण होतं याचा हिशोब, आणि दोन नावं पुन्हा टेबलावर. या वेळी कुणास ठाऊक कुठलं उचललं असतं. माझी दोन मुलं, माझा व्हिसा, वैशालीचा माझ्या व्हिसावरचा व्हिसा. सगळं खरं. पण मी फक्त गप्प बसलो नाही.

आधी पलंगाचं सांगतो. ते सोपं आहे.

महेशने मुलीसाठी दोन मजली पलंग घेतला होता. मुलगी एकच, पण तिला वरती झोपायचं होतं आणि खाली तिची बाहुली झोपणार होती. एका शनिवारी त्याने मला जोडायला बोलावलं. रिकामा फ्लॅट, पांढऱ्या भिंती, मध्ये खोक्यातून निघालेल्या फळ्या. आम्ही दोघं जमिनीवर बसून चित्रं बघत होतो. तो सारखा सुनीताला व्हिडिओ कॉल लावून दाखवत होता. एक बोल्ट कमी पडला. महेश म्हणाला, “दादा, कंपनीसारखंच आहे. कुठेतरी एक कमी केलाय.” आणि हसला. मीही हसलो. इतका स्वच्छ विनोद मला अख्ख्या वर्षात सुचला नव्हता, आणि हसताना मला त्याचा हेवा वाटला. हेवा! विनोदाचा!

हे झालं पलंगाचं. मी अजून टाळतोच आहे, दिसतंय ना?

ते असं झालं. गाडीतल्या त्या सोमवारनंतर दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, महेश पॅन्ट्रीत माझ्यासमोर येऊन बसला आणि त्याने फोन पुढे केला. सुनीताचा राजीनामा होता. तिने मराठीत लिहिला होता, मुख्याध्यापिकांना. खाली महेशसाठी एक ओळ: दादांना दाखव, त्यांचं मराठी चांगलं आहे.

मी तो वाचला. कौटुंबिक कारणास्तव, चौदा वर्षांच्या सेवेनंतर, स्वेच्छेने. छान लिहिला होता. फक्त ‘कृपया’ दोनदा आला होता. मी एक काढला. म्हणालो, राजीनाम्यात इतक्या विनवण्या नकोत. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला. शेवटचं वाक्य लांब होतं, त्याची दोन केली. मन लावून केलं, खोटं का सांगू? दहा मिनिटं तरी घेतली असतील. समोर बसलेल्या माणसाचं घर उद्ध्वस्त करणारा कागद मी सुबक करून दिला. जणू माझं काम तेवढंच होतं.

महेशने फोन परत घेतला. पण लगेच पाठवला नाही. अंगठा तसाच धरून माझ्याकडे बघत म्हणाला, “दादा, पाठवू दे ना तिला? एकदा गेला की परत नाही. तू म्हणशील तसं.”

तू म्हणशील तसं. आता यात कँटोनीज कुठे आहे? चान कुठे आहे, वोंग कुठे आहे? माझ्या मातृभाषेत, मला दादा म्हणणाऱ्या माणसाने, मला सरळ प्रश्न विचारला होता. थांब, इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. पुढच्या महिन्यात बघू, शाळेचं वर्ष संपू दे, वैशालीशी बोलू दे. दुबईत मोठी झालेली पोरंसुद्धा आईबापांना वेळ मारून नेणारी शंभर वाक्यं फेकतात. मला एक सुचू नये?

मी म्हणालो, “पाठवू दे. चांगला झालाय.”

हे ते. मी सांगणार होतो ते हे.

त्यांच्याविरुद्ध किती संताप मी या दोन वर्षांत जमवला आहे! त्या पडद्यावरच्या कुटुंबावर, माणसं कमी करण्याला ‘योग्य आकार देणे’ म्हणणाऱ्या त्या ईमेलवर, गाडी चालवणाऱ्याला बहिरा समजणाऱ्या त्या दोघांवर. आणि प्रत्येक वेळी तो संताप फिरून पॅन्ट्रीतल्या त्या टेबलाशी येतो. चानने महेशची नोकरी घेतली. ते त्याचं कामच होतं, त्याचा त्याला पगार होता. सुनीताची नोकरी कुणी घेतली? तिचं नाव चानला माहीतही नव्हतं. तिच्या पत्रातला जास्तीचा ‘कृपया’ चानने काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात महेशला केबिनमध्ये बोलावलं. वीस मिनिटांत बाहेर आला. हातात पाकीट. मुलीचे आणि सुनीताचे एन्ट्री परमिट दोन दिवसांपूर्वीच आले होते. प्रिंट त्याच्या ड्रॉवरमध्ये होती. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बसलाही नाही.

“दादा, तुला माहीत होतं?”

“नाही रे. आत्ताच कळलं. तुझ्याबरोबरच.”

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही — माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू नको टेन्शन घेऊस.” तो मला धीर देत होता. मी तो घेतला.

महेश गेल्यावर मी पाणी प्यायला पॅन्ट्रीत गेलो. लाम बाई थर्मासपाशी होत्या. वर न बघता त्यांनी कँटोनीजमध्ये विचारलं, तुला कधी कळलं? त्या आमच्याशी सहसा इंग्रजीतच बोलत. हा प्रश्न त्यांनी मुद्दाम त्या भाषेत विचारला, असं मला तेव्हाही वाटलं. मी म्हणालो, ङाम-ङाम. उच्चार चांगला आला.

बाईंनी झाकण घट्ट बसवलं. मग शिकवताना चूक दुरुस्त करायच्या त्याच आवाजात, न रागावता, म्हणाल्या, “चोउ-फाइ.”

त्यांना कसं कळलं? सोपं होतं. उम्म अल कुवैनला जाऊन आल्यापासून मी एकाही मंगळवारी त्यांच्याकडे बसायला गेलो नव्हतो. डबा डेस्कवरच खायचो. साडेपाच आठवडे त्यांनी थालीपीठ खाल्लं नव्हतं. रेघ त्यांनीच मारली होती. मी तिच्यावर नक्की कुठे उभा आहे हे त्यांना दिसणारच. वर्षअखेरीला त्या निवृत्त होऊन गेल्या. जाताना सगळ्यांना हँडशेक केला, मलाही.

सुनीताने शाळेला पुन्हा पत्र लिहिलं. ते मी तपासलं नाही. जागा भरली गेली होती. आता ती दुसऱ्या एका शाळेत तासिकेवर शिकवते. मे महिन्यात तास नसतात. महेश हडपसरला कुठल्याशा गोदामात आहे. तो दर दिवाळीला मेसेज करतो. त्यात दर वेळी असतं — दादा, त्या दिवसांत तू होतास म्हणून निभावलं. मी उत्तरात दोन हात जोडलेले पाठवतो. चित्रातले.

कारणं होती का? होती, वर लिहिली आहेत. लिहिताना वाचून पाहिली. सगळी खरी आहेत आणि एकही पुरेशी नाही. तुम्ही, माणूस आहे, चुकतो, असं म्हणायला तोंड उघडलं असेल तर कृपया मिटा. हा ‘कृपया’ मी ठेवतो आहे.

महेशचा व्हिसा रद्द झाल्यावर फ्लॅट रिकामा करायला त्याच्याकडे थोडेच दिवस होते. सामान त्याने वाटून टाकलं. दोन मजली पलंग त्याने मला दिला. पैसे घेतले नाहीत. आपणच जोडला आहे, म्हणाला, तुला खोलायला सोपा जाईल. तो आता माझ्या मुलांच्या खोलीत आहे. वरती धाकटा झोपतो. त्याने कूस बदलली की पलंग हलतो, आणि सकाळी तो मला इंग्रजीत सांगतो, बाबा, इट्स शेकिंग अगेन.

एक बोल्ट कमी आहे.